एक पॅनेल मागं पडलं की अख्खी स्ट्रिंग मागं: गच्चीवरच्या सोलरमधला मिसमॅच कसा शोधायचा, कसा कमी करायचा

तीन किलोवॅटचं सोलर बसवलंय, पॅनेल नवीकोरी, ऊन कडक, आणि तरी ॲपवर दिवसाचा आकडा नऊ-साडेनऊ युनिटच्या वर जायला तयार नाही, ही तक्रार हल्ली पुण्यात बऱ्याच जणांकडून ऐकू येते. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळायला लागली आणि कोथरूडपासून वाघोलीपर्यंत गच्च्यांवर पॅनेल दिसायला लागली, चांगलंच झालं ते. आपल्याकडं वर्षाच्या सरासरीनं एका किलोवॅटला दिवसाला चार युनिटच्या आसपास धरतात, म्हणजे तीनला बारा. पावसाळ्यात कमी होणार, मार्च-एप्रिलमध्ये वाढणार, ते सोडा. पण स्वच्छ उन्हाच्या दिवसांतही कायम दोन-तीन युनिट कमी पडत असतील तर पॅनेल बोगस निघाली म्हणून सोलरवाल्याशी भांडायच्या आधी एक गोष्ट तपासा, ती म्हणजे मिसमॅच. एकमेकांना जोडलेल्या पॅनेलांपैकी एखादं बाकीच्यांपेक्षा कमी करंट देत असेल तर नुकसान त्या एकट्याचं होत नाही, ते बाकीच्यांनाही मागं ओढतं, आणि हे बिलावर दिसतं पण डोळ्यांना दिसत नाही.

आत नेमकं काय होतं

सोलरचा एक सेल जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट देतो, म्हणून भरपूर सेल एकामागं एक म्हणजे सिरीजमध्ये जोडून पॅनेल करतात, आणि पॅनेलही परत सिरीजमध्ये जोडून स्ट्रिंग करतात. सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते पण करंट सगळ्यांतून एकच वाहतो. दिवे घाटात पुढं उसाची ट्रॉली असली आणि ओव्हरटेकला जागा नसली की मागच्या सगळ्या गाड्या ट्रॉलीच्या स्पीडनं चालतात, तसंच हे. मागची गाडी कितीही भारी असू दे.

यावर उपाय म्हणून पॅनेलच्या मागं जंक्शन बॉक्समध्ये बायपास डायोड असतात, घरगुती पॅनेलला बहुतेक तीन. एक डायोड पॅनेलचा एक तृतीयांश भाग सांभाळतो. त्या भागातला एखादा सेल सावलीत गेला आणि बाकी स्ट्रिंगचा करंट त्याला झेपेना की डायोड चालू होतो आणि करंट त्या तिसऱ्या हिश्श्याला वळसा घालून पुढं जातो. हिस्सा वाया गेला पण बाकीचे वाचले. डायोड नसता तर सावलीतला सेल वीज द्यायच्या ऐवजी बाकीच्यांची वीज स्वतःत जाळत बसला असता, तापून तपकिरी डाग पडला असता, त्यालाच हॉटस्पॉट म्हणतात. म्हणजे डायोड मुळात पॅनेल जळू नये म्हणून आहे, तुमचं युनिट वाचवायला नाही, हे डोक्यात ठेवा कारण विकताना बऱ्याचदा उलटं सांगितलं जातं.

आता हिशोब बघा, कागदावरचा. ५४० वॅटची सहा पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये, प्रत्येकाचं साधारण ४१.६ व्होल्ट आणि १३ अँपिअर, एकूण ३२४० वॅट. त्यातल्या एकावर शेजारच्या झाडाची विरळ सावली सगळीकडं सारखी पडलीय आणि ते १३ च्या जागी १० अँपिअरच देऊ शकतंय. त्याचं स्वतःचं नुकसान सव्वाशे वॅटचं. पण इन्व्हर्टरपुढं, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणाऱ्या यंत्रापुढं, दोनच रस्ते उरतात. एक तर सगळ्यांना १० अँपिअरवर चालवायचं, तेव्हा चांगल्या पाच पॅनेलांचं व्होल्टेज थोडं वर चढतं आणि एकूण २६०० च्या आसपास मिळतात. नाहीतर १३ वर चालवून त्या एकाला पूर्ण बायपास करायचं, तेव्हा पाच पॅनेलांचे २७०० आणि त्यातून डायोडमध्ये जाणारे वीसेक वॅट वजा. काहीही केलं तरी सव्वाशे वॅटच्या सावलीनं साडेपाचशे वॅट गेले. सावलीनं जेवढं खाल्लं त्याच्या वरचे हे सव्वाचारशे वॅट म्हणजे मिसमॅच लॉस.

थोडा मिसमॅच अगदी नव्या सिस्टिममध्येही असतो. एकाच बॅचची दोन पॅनेलं शंभर टक्के सारखी कधीच नसतात, म्हणून अमेरिकेतल्या सरकारी ऊर्जा प्रयोगशाळेच्या पीव्हीवॉट्स नावाच्या फुकट कॅल्क्युलेटरमध्येही मिसमॅचचे २ टक्के आधीच धरलेले असतात. तेवढ्यासाठी झोप उडवायची गरज नाही. त्रास देतो तो सावली, घाण आणि चुकीची जोडणी यातून येणारा, आणि तो आपल्या हातात आहे.

हाफकट आहे म्हणून सावलीचं टेन्शन नाही?

हे वाक्य प्रत्येक सेल्समन म्हणतो आणि ते अर्धंच खरं आहे. हाफकट पॅनेलमध्ये सेल अर्धे कापलेले असतात, १४४ अर्धे सेल, आणि पॅनेलचा वरचा अर्धा भाग व खालचा अर्धा भाग एकमेकांना पॅरलल असतात. पॅनेल उभं लावलंय आणि खालच्या अर्ध्या भागावर सावली आली तर वरचा अर्धा भाग चालू राहतो हे बरोबर. पण तो देतो किती, तर निम्मा करंट, साडेसहा अँपिअर. रांगेतल्या सगळ्याच पॅनेलांच्या खालच्या भागावर एकदम सारखी सावली आली, जसं कठड्याची लांब सावली येते, तर पूर्ण स्ट्रिंग निम्म्या करंटवर चालते आणि खरंच निम्मी वीज वाचते. सावली एकाच पॅनेलवर असली तर मात्र बाकीची पाच १३ वर पळायला बघणार, आणि याचा जो तिसरा हिस्सा मागं पडलाय तो वरच्या अर्ध्यासकट बायपास होणार, कारण डायोड दोन्ही अर्ध्यांना मिळून एकच असतो.

हे जवळून बघायचं असेल तर देशी बदामाचं एक वाळलेलं पान घ्या. सोसायट्यांमध्ये हे झाड भरपूर आहे आणि थंडीच्या शेवटी याची लालभडक पानं गच्चीभर उडतात. पान वीतभर लांब, आणि अर्धा सेल १८ सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर रुंद. पान ओल्या पॅनेलवर नेमकं एका सेलवर चिकटलं की तो सेल जवळजवळ बंद, त्याच्याबरोबर पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद, म्हणजे ५४० मधले १८० वॅट, एका पानानं. पॅनेलच्या क्षेत्रफळात त्या पानाचा हिस्सा एक टक्काही नाही. म्हणून सावली किंवा घाण पॅनेलच्या किती टक्क्यावर आहे हे मोजून उपयोग नाही, ती एका सेलच्या किती टक्क्यावर आहे ते बघायचं.

बसवायच्या आधी: सावली डिसेंबरची बघा, पण नुसती डिसेंबरची नको

सोलरवाला मे महिन्यात गच्ची बघायला आला तर त्याला सावली दिसणारच नाही. मेच्या मध्यात पुण्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, टाकीची सावली टाकीच्या पायाशी. २१-२२ डिसेंबरला तोच सूर्य दुपारी फक्त ४८ अंशांवर असतो आणि टाकीची सावली टाकीच्या उंचीएवढी, जरा कमी, उत्तरेकडं पडते. सकाळी साडेनऊच्या सुमारास ती उंचीच्या पावणेदोन पट लांब होऊन वायव्येला जाते, आणि दुपारी साडेतीनच्या आसपास तेवढीच ईशान्येला. म्हणजे जिन्यावरची खोली आणि तिच्यावरची टाकी मिळून गच्चीपासून तीन मीटर उंच असली तर डिसेंबरच्या सकाळी सव्वापाच मीटरपर्यंत तिची सावली धरून चाला. हा हिशोब गच्चीच्या लेव्हलला ठेवलेल्या पॅनेलसाठी आहे, पॅनेल उंच स्ट्रक्चरवर असतील तर टाकीच्या उंचीतून स्ट्रक्चरची उंची वजा करा. आणि घड्याळाच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, डिसेंबरात साडेबाराच्या जरा पुढं, म्हणून सावलीचा हिशोब साडेबाराच्या दोन्ही बाजूंना सारखा धरायचा.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि तेव्हा तो उगवतो-मावळतोही बराच उत्तरेकडं सरकून. म्हणजे पॅनेलच्या उत्तरेला असलेली लिफ्टची मशीन रूमसुद्धा मेच्या शेवटी आणि जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ थोडी सावली टाकते. हे नुकसान फार नाही, पण पॅनेल त्या भिंतीला अगदी चिकटवून लावू नका, दीड-दोन मीटर सोडा.

बारीक वस्तूंबद्दल लोक उगाच घाबरतात किंवा अजिबात बघत नाहीत. वस्तू जेवढी जाड, तिच्या शंभरेक पट अंतराच्या पुढं तिची गडद सावली उरत नाही, फिकट होते. आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या अरेस्टरचा दोन सेंटिमीटरचा रॉड पॅनेलपासून चार मीटर लांब असेल तर विशेष काही नाही, अर्ध्या मीटरवर असेल तर त्याची काळी रेघ रोज सेलवरून फिरणार. डिश अँटेना, कपडे वाळत घालायच्या तारेचे पाइप, शेजारच्यांची पाण्याची पाइपलाइन, हे सगळं पॅनेलच्या दक्षिणेला किंवा पूर्व-पश्चिमेला जवळ असेल तर आधी हलवा. डिश हलवायचा खर्च किरकोळ असतो. नारळ असेल तर झावळ्या वेळेवर काढून घ्या, आणि शेजारची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली असेल (कोथरूड, सहकारनगर, कर्वेनगर भागात ही शक्यता धराच) तर तिथं किती मजले येणारेत ते विचारून मगच पॅनेलची जागा ठरवा.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे थंडीत एका सुट्टीच्या दिवशी गच्चीवर दर तासाला खडूनं सावलीची कड आखायची, नऊ ते चार. संध्याकाळपर्यंत जो भाग कोरा राहील तिथं पॅनेल. थंडीपर्यंत थांबता येत नसेल तर मोबाइलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप आहेत, तारीख २१ डिसेंबर टाकून कॅमेऱ्यातून बघा.

जोडणी: कोणाला कोणाबरोबर बांधायचं

नियम एकच, एका स्ट्रिंगमध्ये एकसारखीच पॅनेल. एकसारखी म्हणजे फक्त वॅट सारखे नाही, करंट सारखा, तोंड एकाच दिशेला, तिरकेपणा तोच आणि सावलीची वेळही शक्यतो तीच.

जागा कमी म्हणून चार पॅनेल दक्षिणेला आणि दोन पश्चिमेला लावली आणि सहाही सिरीजमध्ये जोडली, असं बंगल्यांच्या उतरत्या छपरांवर दिसतं. सकाळी पश्चिमेची दोन मागं ओढतात, संध्याकाळी दक्षिणेची चार. अशा वेळी दोन एमपीपीटीवाला इन्व्हर्टर घ्या. एमपीपीटी म्हणजे इन्व्हर्टरमधला तो भाग जो स्ट्रिंगला कुठल्या व्होल्टेजवर चालवलं की जास्तीत जास्त वीज मिळेल ते सतत शोधत असतो, आणि दोन असले की दोन गट आपापल्या परीनं चालतात. फक्त दोनच पॅनेलच्या स्ट्रिंगचं व्होल्टेज ८० च्या आसपास येतं आणि बऱ्याच इन्व्हर्टरना चालू व्हायलाच त्याहून जास्त लागतं, त्यामुळं डेटाशीटवर सुरू होण्याचं व्होल्टेज बघा आणि शक्यतो तीन-तीन असे भाग करा. पाच किलोवॅटच्या बहुतेक इन्व्हर्टरला दोन एमपीपीटी येतात, तीन किलोवॅटला बरेचदा एकच असतो, म्हणून ऑर्डर देतानाच विचारायचं.

पूर्वेची एक स्ट्रिंग आणि पश्चिमेची एक, दोन्हीत पॅनेलची संख्या सारखी, आणि दोन्ही एकाच एमपीपीटीवर पॅरलल, हे मात्र चालतं. ऊन कमी-जास्त झालं तरी पॅनेलचं व्होल्टेज फार बदलत नाही, बदलतो तो करंट, आणि पॅरललमध्ये करंटची नुसती बेरीज होते. पण एका स्ट्रिंगमध्ये सहा आणि दुसरीत पाच असं पॅरलल करू नका, तिथं व्होल्टेज जुळत नाही.

जुन्याला नवं जोडायचा मोह फार जणांना होतो. सात-आठ वर्षांपूर्वी ३३० वॅटची पॉली म्हणजे जुन्या प्रकारची पॅनेल लावलेली असतात, आता ए.सी. वाढला, गाडी इलेक्ट्रिक आली, म्हणून दोन ५४० वॅटची त्याच स्ट्रिंगला लावून टाकू. ३३० वाल्याचा करंट नऊ अँपिअरच्या आत असतो. म्हणजे तेरा अँपिअरची नवी पॅनेल आयुष्यभर नऊवर चालणार, पैसे ५४० चे आणि मिळणार पावणेचारशे-चारशे वॅट. नव्याला वेगळा एमपीपीटी किंवा वेगळा इन्व्हर्टरच हवा. जुनं फुटलं म्हणून एखादं बदलायचं असेल तर वॅटपेक्षा करंटचा आकडा जुळणारं शोधा, थोडा जास्त असला तर चालेल, कमी नको.

नवी पॅनेल घेताना सोलरवाल्याकडं फ्लॅश टेस्टची यादी मागा. फॅक्टरीत प्रत्येक पॅनेल मोजलेलं असतं, सिरियल नंबरापुढं त्याचे खरे वॅट आणि करंट असतात. काही कंपन्या करंटची वर्गवारी खोक्यावर छापतातही. घरच्या सहा पॅनेलसाठी एकाच वर्गातली मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर त्यासाठी अडून बसू नका. सोसायटीच्या ४०-५० किलोवॅटला मात्र नक्की आग्रह धरा, कारण तिथं पॅनेल वर्ग बघून स्ट्रिंगमध्ये वाटता येतात आणि त्याला जास्तीचा पैसा लागत नाही, फक्त बसवणाऱ्यांनी खोकी उघडताना लक्ष द्यायला हवं.

बसवून झालंय? मग ॲप नीट वाचा

ॲपमध्ये सगळे फक्त आजचे युनिट बघतात. त्याच्या आत जा, डीसी किंवा पीव्ही असं काहीतरी लिहिलेलं असतं, तिथं व्होल्ट आणि अँपिअर वेगवेगळे दिसतात. स्वच्छ आकाश असलेल्या लागोपाठच्या दोन-तीन दिवसांचे ग्राफ एकावर एक ठेवा. ढगाचा खड्डा रोज वेगळ्या वेळी पडतो, सावलीचा रोज त्याच वेळी पडतो आणि महिन्याभरात हळूहळू सरकतो. हे काम दिवाळीनंतर करा. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळं उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्याच पुसल्या जातात, आणि मिसमॅच गायब झाल्यासारखा वाटतो.

खड्ड्याच्या वेळी काय घसरलंय ते महत्त्वाचं. व्होल्टेज एकदम १२ ते १४ नं खाली आलं आणि करंट जागेवर आहे, तर एका पॅनेलचा तिसरा हिस्सा बायपास झालाय. पंचवीसेक व्होल्ट गेले तर दोन हिस्से. उलट व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त आणि करंट मात्र बराच कमी, असं असेल तर सगळी स्ट्रिंग एका कमकुवत पॅनेलच्या तालावर चाललीय आणि इन्व्हर्टर चुकीच्या जागी अडकून बसलाय. यासाठी बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये शॅडो स्कॅन किंवा ग्लोबल एमपीपीटी नावाची सेटिंग असते, काही मॉडेलमध्ये ती बंदच येते. सोलरवाल्याला फोन करून चालू करून घ्या, फुकट आहे.

व्होल्टेज कागदावरच्या आकड्याशी ताडू नका. कागदावरचा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा असतो, एप्रिलच्या दुपारी गच्चीवरचे सेल ६० च्या पुढं जातात आणि सहा पॅनेलचं अडीचशेचं व्होल्टेज सव्वादोनशेच्याही खाली येतं, तो बिघाड नाही. स्वतःच्याच मागच्या आठवड्याच्या त्याच वेळेच्या आकड्याशी ताडा.

कमकुवत पॅनेल शोधायची झाकाझाकी

कुठलं पॅनेल ते ॲप सांगत नाही, त्यासाठी ही पद्धत. पॅनेल हात पोचेल अशी असतील तरच करा, दहा फुटी स्ट्रक्चरवर असतील तर वर चढू नका, माणूस बोलवा. आकाश निरभ्र, वेळ दुपारी बारा ते एक, एक जण इन्व्हर्टरच्या डिस्प्लेपाशी, कारण ॲप पाच-पाच मिनिटांनी अपडेट होतं आणि डिस्प्ले लगेच. दुसऱ्यानं जाड सतरंजी घेऊन एक पॅनेल पूर्ण झाकायचं, अर्धवट नाही, मिनिटभर थांबून वॅट लिहून घ्यायचे, सतरंजी काढायची, आकडा परत जागेवर येऊ द्यायचा, मग पुढचं पॅनेल.

सहा पॅनेल मिळून अडीच हजार वॅट चालू असतील तर धडधाकट पॅनेल झाकल्यावर चारशेच्या आसपास घट येते. एखादं झाकल्यावर पावणेतीनशेच घटले तर त्याचा तिसरा हिस्सा आधीपासूनच बंद आहे. काहीच घटलं नाही तर ते पॅनेल पूर्ण बाहेर पडलंय. आणि कधी कधी झाकल्यावर वॅट वाढतात! म्हणजे तेच सगळ्यांना ओढत होतं, झाकल्यामुळं पूर्ण बायपास झालं आणि बाकीचे मोकळे झाले.

यात कुठलीही वायर काढायची नाही हा या पद्धतीचा मोठा फायदा. एमसीफोर कनेक्टर, म्हणजे पॅनेलच्या वायरी जोडणारे प्लग, चालू करंटमध्ये ओढून काढणं म्हणजे डीसीचा आर्क (मोठी ठिणगी), आणि डीसीचा आर्क घरातल्या एसीसारखा पटकन विझत नाही. वायर काढायचीच असेल तर आधी एसी बाजूचा ब्रेकर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच), मग वायरीभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरनं करंट शून्य झालाय याची खात्री, आणि तरीही ऊन आहे तोवर टोकांना अडीच-तीनशे व्होल्ट असतातच. हे काम लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनचं. स्वतःकडं क्लॅम्प मीटर ठेवायचा असेल तर तपकीर गल्लीत मिळेल, पण डीसी करंट मोजणारा मागा, साधा फक्त एसीचा मोजतो.

संशयित पॅनेल सापडलं की इलेक्ट्रिशियन ते सुटं करून व्होल्टेज बघेल. दुपारच्या उन्हात बाकीची ४५ व्होल्ट दाखवतायत आणि हे ३०, तर एक बायपास डायोड शॉर्ट झालाय, तिसरा हिस्सा कायमचा गेला. याच्या उलट डायोड आतून तुटला असेल, म्हणजे करंट जाऊच देत नसेल, तर नुसतं व्होल्टेज मोजून कळत नाही आणि ते जास्त धोक्याचं, कारण सावली आली की वळसा घालायला रस्ताच नाही, सेल तापणार. सोसायटीच्या मोठ्या सिस्टिमला वर्षातून एकदा थर्मल कॅमेरानं बघून घ्या. बायपास झालेला हिस्सा पट्ट्यासारखा एकसारखा किंचित गरम दिसतो, हॉटस्पॉट एकाच सेलवर ठिपक्यासारखा.

घाण: सगळीकडं सारखी असती तर बरं होतं

पातळ धूळ सगळ्या पॅनेलांवर सारखी बसली तर वीज कमी होते पण मिसमॅच होत नाही. त्रास देते ती एका जागी साचलेली. दोन ठिकाणी बघा.

पहिलं, पॅनेलची खालची कड. आपल्याकडं तिरकेपणा कमी ठेवतात, शिंतोडे पडले किंवा पाइपनं वरवर पाणी मारलं की चिखल खाली ओघळतो आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमला अडून बोटभर रुंदीची पट्टी सुकते. ती नेमकी शेवटच्या रांगेतल्या सेलवर असते. उभ्या लावलेल्या हाफकट पॅनेलमध्ये तिथून खालचा अर्धा भाग मार खातो, आडव्या लावलेल्यात एक तृतीयांश. बाकी काच आरशासारखी दिसत असते म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. कड बोटानं चाचपून बघा, आणि धुताना शेवटचा हात तिथं मऊ वायपरनं मारा.

दुसरं, कबुतरं. विष्ठेचा डाग पावसानं निघत नाही आणि पूर्ण अपारदर्शक असतो. चारपाच डाग एकाच सेलवर पडले की झालं. पॅनेलखाली घरटी होऊ नयेत म्हणून कडेनं जाळी मारा, जाळी काचेच्या वर येणार नाही एवढं बघा.

धुवायचं सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं किंवा टँकरचं पाणी क्षाराचं असेल तर ते काचेवर सुकू देऊ नका, लगेच ओढून घ्या, नाहीतर पांढरे थर चढतात. आणि धुणाऱ्या माणसाला पॅनेलवर पाय ठेवू देऊ नका, प्लीज. काच फुटत नाही पण आतले सेल चिरतात, चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि त्या सेलचा करंट पुढच्या काही वर्षांत बाकीच्यांपेक्षा जास्त वेगानं उतरत जातो.

ऑप्टिमायझर कधी घ्यायचा

वरचं सगळं करून झाल्यावर. जागा बदलता येत नाही, सावली रोज दोन-तीन तास एक-दोन पॅनेलवर येणारच आहे, तर ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टरला पैसे घालण्यात अर्थ आहे. ऑप्टिमायझर पॅनेलच्या मागं लागतो आणि त्या पॅनेलला स्ट्रिंगच्या करंटशी जुळवून घेतो. टिगोसारखे काही फक्त सावलीतल्या पॅनेलला लावता येतात, सोलरएजच्या पद्धतीत सगळ्या पॅनेलना लागतात आणि इन्व्हर्टरही त्यांचाच. मायक्रोइन्व्हर्टरमध्ये, एन्फेजचे वगैरे, प्रत्येक पॅनेल गच्चीवरच एसी बनवतं, स्ट्रिंगची भानगडच नाही. पेठांमधल्या चहूबाजूंनी उंच भिंतींत अडकलेल्या गच्च्यांना मी हेच सुचवीन. मोकळ्या गच्चीला नाही, कारण यातलं काहीही नवीन ऊन तयार करत नाही, फक्त मिसमॅचमध्ये जाणारं परत आणतं, आणि मिसमॅचच नसेल तर आणायला काही नाही.

वॉरंटीसाठी आजच एक कागद करून ठेवा

गच्चीचा साधा नकाशा, आणि प्रत्येक पॅनेलच्या जागी त्याचा सिरियल नंबर. नंबर बहुतेक पॅनेलच्या मागं असतो, बसवल्यावर वाचणं अवघड होतं, म्हणून बसवतानाच फोटो काढून ठेवायचे. आधीच बसलेली असतील तर सोलरवाल्याकडून मागून घ्या, त्यानं सबसिडीसाठी नंबर भरलेलेच असतात. त्याच कागदावर स्वच्छ दिवसाचे दुपारचे स्ट्रिंगचे व्होल्ट आणि अँपिअर तारखेसकट लिहा, उन्हाळ्यात एकदा, डिसेंबरात एकदा. पुढं एखादं पॅनेल मागं पडलं तर झाकाझाकीचे आकडे, थर्मलचा फोटो आणि हा कागद घेऊन क्लेम टाका. नुसतं युनिट कमी येतायत म्हणून सांगितलं तर कंपनी सावलीकडं बोट दाखवते, पण बाकी पाच पॅनेल ४५ व्होल्टवर आणि त्याच उन्हात सहावं ३० वर असं लिहून दिलं तर पॅनेल तपासायला माणूस पाठवण्यावाचून त्यांच्याकडं दुसरं उत्तर उरत नाही.